दाबलेल्या स्प्रिंगचा हिशेब : जुन्या स्पोर्ट्स कारचे पुढचे सस्पेन्शन सुरक्षितपणे उकलताना

नेदरलँड्समध्ये जुन्या मोटारीला 'ओल्डटायमर' म्हणतात. ही आवड जपणाऱ्यांना इथला कायदा बराच अनुकूल आहे. सध्याच्या नियमांनुसार ४० वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला रस्ता कर भरावा लागत नाही. ३० ते ५० वर्षे वयाच्या मोटारीची सक्तीची तांत्रिक तपासणी, जिला इथे 'आपेका' म्हणतात, दर दोन वर्षांनी होते. आणि गाडीने पन्नाशी ओलांडली की ती तपासणीही सक्तीची राहत नाही. म्हणजे १९७२ साली इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली एखादी एमजीबी आज आइंडहोव्हनच्या किंवा आम्स्टेल्व्हेनच्या रस्त्यावर धावत असेल, तर तिच्या पुढच्या चाकांमागे काय गंजले आहे, काय तडकले आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणत्याही तपासनिसाकडे नसते. ती पूर्णतः मालकाकडे येते.

आणि मालक आता अनेकदा मराठी असतो. इथल्या तंत्रज्ञान कंपन्यांत, बँकांत, संशोधनसंस्थांत स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना या छोट्या, उघड्या टपाच्या ब्रिटिश गाड्यांनी वेड लावले आहे. गाडी घेतली की पहिला हिवाळा रंग आणि क्रोम न्याहाळण्यात जातो. दुसऱ्या हिवाळ्यात लक्षात येते की विटांच्या रस्त्यावरून जाताना पुढून खडखड ऐकू येते, गाडी एका बाजूला किंचित झुकलेली दिसते, आणि गतिरोधकावर पुढचा भाग धाडकन आपटतो. इथल्या कारागिराचा तासाचा दर पाहिला की 'हे काम आपणच करू' हा विचार मनात येतो. विचार वाईट नाही. मात्र पुढची स्प्रिंग काढणे हे काम तेल बदलण्याच्या किंवा ब्रेक पॅड बदलण्याच्या जातीचे नाही. त्या कामांत चूक झाली तर गाडी नीट चालत नाही. या कामात चूक झाली तर बोट, जबडा किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी स्प्रिंगमध्ये नेमके काय साठलेले असते आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यावर ते कोणी धरून ठेवलेले असते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. तो आपल्या गाडीच्या कार्यशाळा-मॅन्युअलची जागा घेऊ शकत नाही. ते मॅन्युअल अधिक नेमकेपणाने वाचता यावे, इतकेच त्याचे काम.

स्प्रिंगमध्ये साठते काय?

डच भाषेत 'फेर' या एकाच शब्दाने स्प्रिंग आणि पक्ष्याचे पीस या दोहोंचा बोध होतो. पुढच्या चाकावरची स्प्रिंग मात्र पिसासारखी हलकी मुळीच नसते. समजा, एखाद्या स्प्रिंगचा ताठरपणा दर मिलिमीटरला ६० न्यूटन आहे. छोट्या स्पोर्ट्स कारसाठी हा आकडा वास्तवाच्या जवळचा आहे. अशी स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा ७५ मिलिमीटर दाबली गेली, तर ती ४,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६० किलो वजनाइतक्या बळाने उलट ढकलत असते. त्या वेळी तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १७० ज्यूल भरते. दहा किलो तांदळाची गोणी माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून खाली सोडली तर जमिनीवर आदळताना तिच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी ही. फरक असा, की गोणी मऊ असते आणि कुठे पडणार हे आपल्याला ठाऊक असते. अडीच किलोची पोलादी स्प्रिंग अचानक सुटली आणि ही सारी ऊर्जा तिच्या वेगात उतरली, तर तो वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात जातो, आणि दिशा कोणालाही सांगता येत नाही.

आता प्रश्न असा, की गाडी जॅकवर उचलली आणि चाक हवेत लोंबू लागले, की स्प्रिंग मोकळी होत नाही का? नवख्या माणसाचा हा सर्वांत घातक गैरसमज आहे. गाडीचे वजन स्प्रिंगवरून उतरते हे खरे. स्प्रिंग काही अंतर लांबतेही. पण सस्पेन्शनच्या भुजांची खाली जाण्याची हालचाल कुठेतरी अडते: कुठे रबरी ठोकळ्यावर, कुठे शॉक ॲब्सॉर्बरच्या लांबीच्या मर्यादेवर. स्प्रिंगला त्याहूनही पुढे लांबायचे असते, पण तिला तिथेच थांबवलेले असते. वरच्या उदाहरणातील स्प्रिंग या लोंबत्या स्थितीत अजून ४० मिलिमीटर दबलेली असेल, तर तिच्यात सुमारे २४५ किलो वजनाचा जोर आणि ४८ ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती बरीच उतरलेली दिसते. पण कवटीला इजा करण्यास ती पुरेशी आहे. चाक हवेत आहे म्हणजे स्प्रिंग शांत आहे, असे कधीही मानू नये.

यातून या कामाचा एकमेव नियम निघतो. दाबलेली स्प्रिंग कोणी ना कोणी धरून ठेवलेली असते: गाडीचे वजन, एखादा बोल्ट, जॅक, आट्यांचा दांडा किंवा स्प्रिंग दाबण्याचे साधन. कोणताही नट फिरवण्याआधी स्वतःला विचारावे: या क्षणी स्प्रिंग कोणी धरली आहे, आणि हा नट निघाल्यावर ती कोण धरणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे ठाम उत्तर देता येत नसेल, तर पाना खाली ठेवावा.

रचना ओळखा, मग पद्धत ठरवा

सर्व जुन्या स्पोर्ट्स कारना लागू पडेल अशी एकच पद्धत अस्तित्वात नाही. गाडीची रचनाच पद्धत ठरवते. नेदरलँड्समध्ये नेहमी दिसणाऱ्या ब्रिटिश गाड्यांपुरते बोलायचे तर तीन कुळे ओळखता आली पाहिजेत.

पहिले कूळ एमजीबीचे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेली ही गाडी. तिच्या पुढच्या चाकामागे खाली दोन भुजा असतात आणि त्यांच्यामध्ये ताटासारखे एक पोलादी पॅन बोल्टांनी बसवलेले असते. स्प्रिंग त्या पॅनवर उभी राहते आणि तिचे वरचे टोक आडव्या तुळईच्या खोबणीत टेकते. वरची भुजा म्हणजे प्रत्यक्षात तुळईवर बसवलेल्या लिव्हर पद्धतीच्या डँपरचीच भुजा. म्हणजे स्प्रिंग एकीकडे, डँपर दुसरीकडे. ट्रायम्फ टीआर६ मध्ये डँपर वेगळ्या प्रकारचा आहे, पण तिथेही स्प्रिंग खालच्या पॅनवर उभी असते. म्हणून काढण्याच्या दृष्टीने तीही याच कुळातली.

दुसरे कूळ ट्रायम्फ स्पिटफायरचे. इथे स्प्रिंग दुर्बिणीसारख्या आत-बाहेर सरकणाऱ्या डँपरभोवतीच गुंडाळलेली असते आणि दोघांचा मिळून एक संच होतो. हे कूळ भारतीयांना परके नाही. स्पिटफायर बेतली गेली ती ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावरून, आणि तीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार होत असे. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या एखाद्या डॉक्टरांच्या किंवा प्राध्यापकांच्या दारात उभी असलेली ती दोन दरवाजांची गाडी आणि उट्रेख्टच्या कालव्याकाठी उभी असलेली ही लाल स्पिटफायर, या दोघींची पुढची सस्पेन्शन सख्ख्या बहिणींसारखी आहेत.

तिसऱ्या कुळात वेटोळ्यांची स्प्रिंग नसतेच. जॅग्वार ई-टाइपमध्ये पुढे लांब पोलादी दांडे पिळले जातात आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. आपल्या ॲम्बॅसिडरच्या पुढच्या चाकांनाही असेच पिळाचे दांडे होते. यांत साठलेली ऊर्जा तितकीच धोकादायक असते, पण ती सोडवण्याची रीत सर्वस्वी निराळी आहे. या लेखातील पद्धत त्या गाड्यांना लावू नये.

आणखी एक गोष्ट. युरोपात आज दिसणाऱ्या अनेक एमजीबी मुळात अमेरिकेला निर्यात झाल्या होत्या आणि दशकांनंतर अटलांटिक ओलांडून परतल्या. मधल्या काळात कोणत्या मालकाने कोणती स्प्रिंग बसवली, गाडी खाली बसावी म्हणून कोणी स्प्रिंगचे वेटोळे कापले का, याची नोंद क्वचितच असते. मॅन्युअलमधील मोकळ्या लांबीचा आकडा कारखान्याच्या स्प्रिंगचा असतो. आपल्या गाडीतली स्प्रिंग तीच आहे असे गृहीत धरू नये. ती अपेक्षेहून लांब निघू शकते, म्हणून खाली उतरवण्यासाठी नेहमी अधिक अंतर हाताशी ठेवावे.

जागा आणि साधने

कामाला सपाट, टणक काँक्रीटची जमीन हवी. घरासमोरच्या विटांच्या फरसबंदीवर, जिथे वाळूवर विटा रचलेल्या असतात, जॅक हळूहळू रुतू किंवा कलंडू शकतो. गॅरेजबॉक्स भाड्याने घेतला असेल तर उजेड पुरेसा आहे ना, दार आतून उघडता येते ना आणि फोनला रेंज मिळते ना, हे आधी पाहावे. शेवटची बाब क्षुल्लक वाटते. पण काही विपरीत घडल्यास ११२ क्रमांकावर फोन लागला पाहिजे. त्याच कारणासाठी हे काम एकट्याने करू नये. दुसरी व्यक्ती जाणकार असण्याची गरज नाही. ती जवळ असणे पुरेसे आहे.

साधनांची यादी मोठी नाही. चांगल्या प्रतीचा ट्रॉली जॅक, ज्याला इथे 'क्रिक' म्हणतात, गाडीच्या वजनाला पुरून उरतील असे दोन ॲक्सल स्टँड, मागच्या चाकांसाठी पाचरी, बंदिस्त चष्मा, जाड हातमोजे आणि पोलादी टोकाचे बूट, वीतभर जाडीचे लाकडी ठोकळे, दोनेक मीटर मजबूत साखळी, टॉर्क रेंच, आणि गाडीच्या रचनेनुसार आट्यांचे लांब दांडे किंवा स्प्रिंग दाबण्याचे साधन. या साधनाला डचमध्ये 'फेरस्पानर' म्हणतात आणि दांड्याला 'द्राद-आइंट'.

दांड्यांबाबत एक इशारा. बांधकाम-साहित्याच्या दुकानात मीटरच्या मापाने मिळणारे स्वस्त दांडे फळ्या आणि नळ टांगण्यासाठी असतात. त्यांचा बळकटीचा वर्ग बहुधा ४.८ असतो; या कामाला किमान ८.८ वर्ग हवा. या आकड्यांचा अर्थ साधा आहे: पहिला अंक १०० ने गुणला की पोलाद तुटण्याचा ताण मेगापास्कलमध्ये मिळतो आणि दशांशानंतरचा अंक सांगतो की त्याच्या किती हिश्श्याला ते कायमचे ताणले जाते. म्हणजे ४.८ चा दांडा ३२० मेगापास्कलला लांबू लागतो, तर ८.८ चा ६४० ला. जाडी तीच, बळ दुप्पट. ज्या दांड्यावर वर्ग लिहिलेला नाही, तो या कामासाठी नाही असे समजावे. नटही त्याच तोडीचे असावेत आणि त्यांच्याखाली जाड, कडक वॉशर असावेत.

कामाच्या आदल्या दिवशी सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात आणि हवा तर बाराही महिने दमट. पन्नास वर्षांच्या बोल्टला एका रात्रीची सवलत देणे न्याय्यच आहे.

एमजीबीच्या कुळातील गाडी

गाडी सपाट जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी लावाव्यात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. मग पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना, गाडीच्या सांगाड्याच्या भक्कम भागाखाली स्टँड लावावेत. स्टँड सस्पेन्शनच्या भुजेखाली किंवा पॅनखाली लावू नयेत, कारण तोच भाग आपल्याला हलवायचा आहे. गाडी स्टँडवर बसली की तिला हाताने जोर लावून हलवून पाहावे. ती डगमगणार असेल तर आत्ताच डगमगू द्यावी. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड सरकलाच तर गाडी माणसाऐवजी चाकावर बसते.

आता जॅक पॅनच्या मधोमध लावून हळूहळू वर घ्यावा. वरची भुजा आपल्या खालच्या मर्यादेवरून किंचित उचलली गेली की थांबावे. या क्षणी स्प्रिंगचा भार भुजेवरून जॅकवर आलेला असतो. इथे नजर स्टँडकडे असावी. हलक्या गाडीत स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाऊ शकते. स्टँड आणि गाडी यांच्यात फट दिसू लागली, तर लगेच जॅक उतरवून थांबावे. इंजिन बाहेर काढलेल्या गाडीत हा धोका जवळजवळ अटळ असतो. अशा गाडीवर जॅकची पद्धत वापरूच नये.

यानंतर साखळी स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून ओवून सांगाड्याच्या भक्कम भागाला अडकवावी. ती ताणलेली नसावी, स्प्रिंगला खाली उतरायला लागेल एवढी ढील ठेवावी. साखळीचे काम स्प्रिंग धरण्याचे नाही. सगळे बिघडले तर स्प्रिंगला दूर जाऊ न देण्याचे आहे.

अँटिरोल बारची जोडणी सोडवावी. आवश्यक असेल तर मॅन्युअलप्रमाणे टाय रॉडचे टोकही मोकळे करावे. मग वरची भुजा आणि चाकाचा उभा खांब यांना जोडणारा बोल्ट काढायचा. हा बोल्ट बोलका असतो. भार खरोखर जॅकवर आला असेल तर तो फारशा जबरदस्तीविना सरकतो. तो अडून बसला, तर हातोड्याकडे वळण्यापूर्वी जॅक किंचित वर-खाली करून पाहावे. गंजाचा अडसर आणि भाराचा अडसर यांत फरक करता येणे हे या कामातले खरे कसब आहे: गंज फिरवताना किरकिरतो, पण जॅक हलवल्याने त्याला फरक पडत नाही, भार मात्र जॅकच्या अर्ध्या इंचाने मोकळा होतो. भार असलेला बोल्ट ठोकून काढणे म्हणजे स्प्रिंगला ठोकून सोडणे.

बोल्ट निघाला की चाकाचा हब बाहेरच्या बाजूला झुकतो. त्याला तारेने बांधून आधार द्यावा, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर ओढ येणार नाही. त्यानंतर जॅकचा झडपा केसभर उघडून पॅन अगदी सावकाश खाली येऊ द्यावे. भुजा आतल्या बिजागरीभोवती फिरत असल्याने पॅन सरळ खाली न येता कमानीत येते. म्हणून जॅक गाडीच्या बाजूने, त्याची चाके त्या कमानीच्या दिशेने सरकू शकतील असा लावलेला असावा. तो अडला तर पॅनवरून निसटतो. या सर्व काळात स्वतः गाडीच्या पुढे किंवा मागे, बाजूला राहावे. हबच्या समोर बसू नये आणि स्प्रिंग व पॅन यांच्या मध्ये हात घालू नये. स्प्रिंग पूर्ण मोकळी झाली की ती हाताने सैल हलते. ती हलेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

जॅकची पद्धत जुनी आणि सर्वपरिचित आहे. पण तिच्यात सगळा भरवसा जॅकमधल्या तेलाच्या सीलवर आणि आपल्या मनगटावर असतो. आट्यांच्या दांड्यांची पद्धत संथ, परंतु अधिक विश्वासार्ह आहे. पॅनला जॅकचा आधार देऊन त्याच्या बोल्टांपैकी कर्णरेषेतले दोन काढायचे आणि त्यांच्या जागी त्या भोकांत नेमके बसतील असे दोन लांब दांडे, वर-खाली नट लावून, बसवायचे. त्या नटांवर भार आला की उरलेले बोल्ट काढायचे. मग दोन्ही नट आळीपाळीने, प्रत्येकी थोडे थोडे, सैल करत पॅन खाली आणायचे. वरचे सांधे इथे जागीच राहतात. दांड्याची लांबी आधीच मोजून घ्यावी: स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत नट दांड्यावर असलाच पाहिजे. १० मिलिमीटरच्या सर्वसाधारण दांड्यावर नटचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. ९० मिलिमीटर उतरायचे तर प्रत्येक दांड्यावर साठ फेरे. हे कंटाळवाणे आहे, आणि ते तसेच असावे. सेकंदाच्या शतांशात सुटू शकणारी ऊर्जा आपण अर्ध्या तासात, दीड-दीड मिलिमीटरने खर्च करतो. सुरक्षितता म्हणतात ती हीच. या साठ फेऱ्यांत वाचवलेला वेळ कोणत्याही उपयोगाचा नाही.

स्पिटफायरच्या कुळातील गाडी

स्पिटफायरमध्ये धोक्याची जागा बदलते. चाक हवेत लोंबत असताना डँपर पूर्ण लांबलेला असतो आणि उरलेला दाब त्याच्या दांड्याच्या टोकावरील एका नटने धरलेला असतो. त्यामुळे स्प्रिंग-डँपरचा अखंड संच गाडीतून काढणे तुलनेने निर्धोक असते: वरच्या ताटलीचे तीन नट आणि खालच्या भुजेतून जाणारा एक बोल्ट काढला की संच बाहेर येतो. मात्र ताटलीच्या मधोमध असलेल्या नटला गाडीवर असताना पाना लावू नये. बाहेरचे तीन नट संच गाडीला धरतात; मधला नट स्प्रिंगला धरतो. अनेक अपघातांचे मूळ या दोहोंतील गल्लतीत असते.

संच कामाच्या बाकावर आणल्यावर खरे काम सुरू होते. फेरस्पानरचे दोन दांडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना लावावेत. दोन्ही आकड्यांनी शक्य तितकी अधिक वेटोळी पकडावीत. आकडे वेटोळ्यावर पूर्ण बसावेत आणि निसटू नयेत म्हणून त्यांना असलेल्या खिळ्या लावाव्यात. स्वस्त साधनांत या खिळ्या नसतात. असे साधन घेऊ नये. शिवाय आज दुकानांत मिळणारी पुष्कळ साधने आधुनिक मोटारींच्या मोठ्या व्यासाच्या स्प्रिंगसाठी असतात. स्पिटफायरच्या अरुंद स्प्रिंगवर त्यांचे आकडे नीट बसत नाहीत. 'जेमतेम बसले' हे उत्तर इथे चालत नाही. अशा वेळी दोन ताटल्या आणि आट्यांचे दांडे असलेले, त्याच गाडीसाठी बनवलेले साधन एखाद्या क्लबकडून मिळवावे.

दांड्यांच्या आट्यांना तेल देऊन दोन्ही बाजू हाताच्या पान्याने, आळीपाळीने, एकेक फेऱ्याने आवळाव्यात. हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी धक्क्याची बंदूक वापरू नये; ती आटे तापवते, खाते, आणि हाताला जाणवणारी सूचना हिरावून घेते. स्प्रिंग केळ्यासारखी वाकू लागली, तर एक बाजू पुढे गेली आहे असे समजून परत यावे. वरची ताटली हाताने सैल फिरू लागली, की मधल्या नटवरचा भार गेला. तेव्हाच तो नट काढावा. संपूर्ण काळ स्प्रिंगची दोन्ही टोके कोणत्याही माणसाकडे, खिडकीकडे किंवा दाराकडे रोखलेली नसावीत. नंतर साधन तितक्याच संथपणे सैल करून स्प्रिंग पूर्ण मोकळी करावी. दाबलेली स्प्रिंग साधनात अडकवून रात्रभर बाकावर ठेवण्याचा मोह टाळावा. सकाळी ती कोण उचलेल, हे सांगता येत नाही; घरात मुले असतील तर विशेषतः.

काढल्यानंतर काय पाहावे

मोकळी स्प्रिंग टेबलावर उभी करून मोजावी आणि दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगशी ताडून पाहावी. खड्डे पडलेला गंज, वेटोळ्याच्या आतल्या बाजूची केसासारखी चीर, रंग उडून चकाकणारी घासलेली जागा, यांपैकी काहीही दिसले तर स्प्रिंग निकाली काढावी. नव्या स्प्रिंगा नेहमी जोडीने बसवाव्यात. पॅनच्या तळाशी साचलेली माती खरवडून धातूवर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहावे. ज्या पॅनवर ४६० किलोंचा भार येतो, ते पापडासारखे झालेले असेल तर नव्या स्प्रिंगचा काय उपयोग? रबरी बुश, खांबाचे सांधे आणि डँपरची तेलगळती तपासण्याची हीच वेळ.

जोडणी उलट क्रमाने करायची, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. स्प्रिंगचे टोक तिच्या खोबणीत नीट बसले पाहिजे. आणि भुजांच्या रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच अखेरचे आवळावेत. भुजा लोंबत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. कॉटर पिना आणि नायलॉनचे लॉक-नट नवे घालावेत. शेकडो किलोमीटर धावल्यावर सारे नट पुन्हा तपासावेत आणि पुढच्या चाकांची जुळणी मोजून घ्यावी.

कधी थांबावे

मुंबईत वाढलेल्यांना काळ्या-पिवळ्या फियाटची गॅरेजे आठवत असतील. कुर्ल्यात बनलेल्या त्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगा तिथले उस्ताद फुटपाथवर बसून, जॅक आणि लाकडाच्या ठोकळ्यावर काढत. ते पाहून हे काम सोपे वाटत असे. प्रत्यक्षात त्या हातांमागे वर्षानुवर्षांची, एकाच गाडीवरची सवय होती; जॅक किती उतरला हे त्यांना कानाने कळे. आठवडाभर संगणकासमोर बसून शनिवारी गॅरेजमध्ये उतरणाऱ्या माणसाकडे ती सवय नसते. तिची भरपाई करणाऱ्या गोष्टी मात्र त्याच्या हाताशी असतात: मॅन्युअल, मोजमाप, योग्य साधन आणि घाई नसणे. यांपैकी एक जरी कमी असेल, तर काम पुढे ढकलणे हाच शहाणपणा.

बोल्ट गंजून तुटला, साधन स्प्रिंगवर नीट बसेना, स्टँडखाली फट दिसली, किंवा अंधार पडू लागला आणि 'आता थोडेच उरले आहे' असे मनात आले, तर जॅक होता तिथे वर घ्यावा, सुटलेले बोल्ट परत घालावेत आणि त्या दिवसापुरते थांबावे. नेदरलँड्समध्ये मदत मिळवणे कठीण नाही. एमजी कार क्लब हॉलंडसारखे क्लब आहेत, आणि अशा अनेक क्लबांना एकत्र आणणारा 'फेहाक' हा महासंघ आहे. एकदा अनुभवी सदस्याच्या शेजारी उभे राहून पाहावे, दुसऱ्यांदा त्याच्या देखरेखीखाली करावे. तिसऱ्यांदा कदाचित आपणच कोणाच्या तरी शेजारी उभे असू.

पन्नास वर्षांच्या गाडीला इथल्या कायद्याने तपासणीतून मुक्त केले, तेव्हा मालकाच्या विवेकावर मोठा विश्वास टाकला. रस्त्यावर आपल्या पुढे सायकलवरून शाळेला जाणारी मुले असतात, शेजारच्या आसनावर आपले माणूस असते. चाकामागची स्प्रिंग कशी आहे हे पाहण्याचे कर्तव्य टाळता येत नाही, आणि ते पार पाडताना स्वतःला इजा करून घेणे हेही कर्तव्यात बसत नाही. दोन्ही साधायचे असेल तर प्रत्येक नटपाशी तोच प्रश्न विचारावा लागतो: आत्ता स्प्रिंग कोणी धरली आहे, आणि पुढच्या क्षणी कोण धरणार आहे?